लेकरू शिकलेलं विसरत चाललंय: हेक्स-ए एन्झाईमची तपासणी आत्ताच का करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लेकराचे काका विचारतात: पुतण्या १३ महिन्यांचा आहे. पाच-सहा महिन्यांपर्यंत मान धरली, पालथा पडायला लागला, ओळखून हसायचा. मग एकेक सुटत गेलं. आता मान टाकतो, नजर लावत नाही, ताट पडलं तरी अंगभर दचकतो. आधीच्या पुतणीचंही असंच झालं. तिला 'सीपी' (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेली इजा) सांगितलं होतं, ती तीन वर्षांची असताना गेली. या वेळी नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर लाल ठिपका दिसतो म्हणून सांगितलं आणि 'हेक्स-ए' एन्झाईमची तपासणी लिहून दिली. यावर औषध नाही, हेही सांगितलं. वहिनी आमच्या मामाची मुलगी. त्यांना पुन्हा दिवस गेलेत, दोन महिने होत आले. औषधच नसेल तर तपासणीवर खर्च कशासाठी करायचा? आणि वहिनींच्या धाकट्या बहिणीशी माझं लग्न ठरतंय, त्याचं काय?

दादा, सगळ्यात आधी वहिनींच्या शेवटच्या पाळीची तारीख काढा आणि तिथून आठवडे मोजा. दोन महिने म्हणजे साधारण आठवा-नववा आठवडा. पोटातल्या बाळाला हाच आजार (संशय टे-सॅक्सचा आहे) आहे का, हे बघण्याची सगळ्यात सोयीची वेळ ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १४ वा आठवडा लागेपर्यंत असते. म्हणजे तुमच्या हातात दोन-तीन आठवडे आहेत, आणि त्या तपासणीसाठी आधी या लेकराचं निदान पक्कं व्हावं लागतं. खर्च कशासाठी, याचं उत्तर इथेच आहे. ही तपासणी लेकराला बरं करणार नाही. पण त्याच्या रक्तातून जे कळेल, त्यावरच पुढच्या बाळाबद्दल खात्रीने बोलता येईल. पहिल्या मुलीच्या वेळी ही संधी गेली, कारण 'सीपी' म्हटलं की पुढे कोणी शोधत नाही.

सीपी आणि हा आजार यांत मोठा फरक आहे. सीपीमध्ये मेंदूला इजा एकदाच होते. बाळ उशिरा रडलं, अपुऱ्या दिवसांचं होतं, कावीळ फार वाढली, असं काहीतरी त्यामागे सापडतं. असं लेकरू उशिरा शिकतं, कमी शिकतं, पण शिकलेलं सहसा विसरत नाही. जे लेकरू धरलेली मान टाकतं, आलेलं हसू विसरतं, त्याच्या मेंदूत काहीतरी अजून चालू आहे आणि वाढतं आहे. एकाच घरात दुसरं लेकरू तसंच निघालं तर सीपीचा शिक्का मारून थांबणं चूकच. आशाताई, अंगणवाडीताई आणि आरबीएसकेच्या (लहान मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या) पथकाने लेकराला तपासताना 'काय येत नाही' एवढंच न विचारता 'काय येत होतं आणि गेलं' हेही विचारावं. हा एक प्रश्न विचारला तर बरीच लेकरं वेळेत पुढे पाठवली जातील.

आता आजाराबद्दल. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात गँग्लिओसाइड नावाचे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. जुने झाले की पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कप्प्यात ते तोडले जातात, एकामागून एक साखरेचे तुकडे काढत. जीएम२ नावाच्या गँग्लिओसाइडच्या टोकाचा तुकडा काढायचं काम हेक्सोसअमिनिडेज-ए, म्हणजेच हेक्स-ए, हे एन्झाईम करतं. ते नसेल तर जीएम२ तुटत नाही, साचत जातं, पेशी फुगते, काम थांबवते आणि मरते. एन्झाईमची उणीव सगळ्या शरीरात असते, पण गँग्लिओसाइड मुख्यतः चेतापेशींत असल्यामुळे भोगतो तो मेंदू. मेंदूचा आजार रक्तातून कसा कळतो, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचं कारण हेच: जनुक सगळ्या पेशींत तेच असतं, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही ते एन्झाईम सापडत नाही.

लेकरू जन्मतः चांगलं का दिसतं, तेही यातून कळतं. साचायला वेळ लागतो. पहिले तीन-चार महिने घरच्यांना काहीच जाणवत नाही. सहसा पहिली खूण म्हणजे आवाजाला होणारं दचकणं. साधं बाळही दचकतं, पण चार-सहा वेळा तोच आवाज झाला की त्याला सवय होते. या लेकराला सवय होत नाही, दर वेळी हातपाय तेवढेच ताठ फेकले जातात. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान अंग ढिलं पडतं, शिकलेलं सुटायला लागतं, नजर कमी होते. वर्षानंतर झटके सुरू होतात, दीड वर्षाच्या पुढे डोकं मोठं होऊ लागतं, गिळणं अवघड होतं. बहुतेक लेकरं तीन ते पाच वर्षांच्या आत जातात, शेवटचं कारण बहुधा न्यूमोनिया. तुमच्या पुतणीचं वय आणि क्रम या चित्राशी जुळतो. तिच्या आईवडिलांनी काही कमी केलं म्हणून ती गेली नाही. त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

डोळ्यातला लाल ठिपका १८८१ साली वॉरन टे या इंग्रज डॉक्टरांनी प्रथम नोंदवला, १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स यांनी मेंदूतले बदल मांडले, म्हणून नाव टे-सॅक्स. हेक्स-ए हेच एन्झाईम नसतं हे १९६९ साली कळलं. पण लाल ठिपका दिसला म्हणजे टे-सॅक्सच, असं धरू नका. सँडहॉफ, जीएम१ गँग्लिओसिडोसिस, निमन-पिक ए यांतही तो दिसतो, आणि प्रत्येकात एन्झाईम वेगळं. म्हणून डॉक्टरांनी पोट दाबून यकृत आणि प्लीहा बघितलेली असावी. टे-सॅक्समध्ये त्या वाढत नाहीत. निमन-पिक ए मध्ये पोट चांगलंच मोठं असतं, जीएम१ मध्येही बहुधा वाढतं, सँडहॉफमध्ये काहींचं वाढतं. तपासणीच्या कागदावर फक्त 'हेक्स-ए' लिहिलं असेल तर डॉक्टरांना विनंती करून 'हेक्स-ए आणि एकूण हेक्सोसअमिनिडेज' असं लिहून घ्या. पोट मोठं असेल तर बीटा-गॅलॅक्टोसिडेज आणि स्फिंगोमायलिनेजही. एकाच नमुन्यात ही सगळी होतात.

आपल्या भागात एक गोष्ट आधी तपासून बाजूला काढायलाच हवी: ब १२ ची कमतरता. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दही जेमतेम, बाळ वर्षभर फक्त अंगावर पितं, वरचं अन्न नाही. अशी लेकरंही सहा महिन्यांनंतर मागे जातात, हसणं थांबतं, हात थरथरतात, केस विरळ आणि तपकिरी होतात, बोटांची पेरं काळी पडतात, हिमोग्लोबिन उतरतं. यात लाल ठिपका नसतो आणि आवाजाचं ते ठरावीक दचकणंही नसतं. पण हे पूर्ण बरं होऊ शकतं. इंजेक्शन सुरू केल्यावर काही दिवसांत लेकरू पुन्हा हसायला लागतं. उपचार होऊ शकणारी आणखी दोन कारणं म्हणजे थायरॉईडची कमतरता आणि बायोटिनिडेजची कमतरता. दुसरी एन्झाईमचीच उणीव आहे. झटके, अंगावर चट्टे, केस गळणं अशी तिची लक्षणं, आणि रोजच्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळीने ती आटोक्यात राहते. तुमच्या पुतण्याची लक्षणं यांच्याकडे झुकत नाहीत, तरी ब १२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्राम झालेले नसतील तर एन्झाईमचं रक्त द्याल त्याच दिवशी करून घ्या. याउलट एमआरआय या घडीला आवश्यक नाही. लेकराला गुंगी द्यावी लागते, पैसे जातात, आणि निदान शेवटी एन्झाईमनेच होतं. पैसा मर्यादित असेल तर आधी एन्झाईम, मग जनुक, एमआरआय शेवटी.

रक्ताचा नमुना ही या सगळ्यातली सगळ्यात नाजूक पायरी. पांढऱ्या पेशींतलं एन्झाईम तपासायला हिरव्या झाकणाच्या, म्हणजे हेपरिनच्या नळीत ४ ते ५ मिलि रक्त लागतं. ते २४ तासांत, फार तर ४८ तासांत, लॅबच्या हाती पडावं लागतं. गोठवायचं नाही, बर्फाला थेट टेकवायचं नाही. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक कागदात गुंडाळून त्याशेजारी नळी ठेवायची. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं तर ते आधी जिल्ह्याला, मग नागपूरला, मग मुंबई-अहमदाबाद-दिल्लीला जातं. त्यात दोन दिवस निघून जातात आणि एप्रिल-मेच्या ४५ अंशांत डबा टपावर किंवा डिकीत राहिला तर एन्झाईम मरतं. म्हणून लेकराला नागपूरला नेऊन तिथे सकाळी रक्त द्या, त्याच दिवशी ते विमानाने जाईल असं बघा. सोमवार ते बुधवार हे दिवस चांगले. शुक्रवारी पाठवलेला नमुना रविवारभर पडून राहतो. सोबत नात्यात नसलेल्या एखाद्या निरोगी माणसाचं तेवढंच रक्त त्याच डब्यात पाठवता आलं तर फार उत्तम. प्रवासात नमुना बिघडला असेल तर त्या रक्तातूनही कळतं.

त्याच वेळी जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत २ ते ३ मिलि रक्त लेकराचं आणि तेवढंच आईचं आणि वडिलांचं घ्यायला सांगा. हे डीएनएसाठी. डीएनए एन्झाईमसारखा नाजूक नसतो, काही दिवस टिकतो. जनुकाची तपासणी लगेच परवडत नसेल तरी लेकराचा डीएनए काढून साठवून ठेवायला सांगा. लॅब ते करतात. उद्या लेकरू राहिलं नाही तरी तो नमुना राहील. नळीवर नाव, वय, तारीख आणि वेळ तिथेच लिहून घ्या. लेकराला गेल्या काही आठवड्यांत रक्त चढवलं असेल तर फॉर्मवर ते लिहायलाच हवं, कारण रक्तदात्याच्या पेशींतलं एन्झाईम आकडा फसवा करू शकतं. फिल्टर पेपरवरच्या वाळवलेल्या ठिपक्यांतूनही हेक्सची प्राथमिक तपासणी होते. त्यासाठी कागद सावलीत, आडवा, तीन-चार तास वाळवायचा. पावसाळ्यात दमट कागद पाकिटात बंद केला की तो वाया जातो. पण तुमच्याकडे वेळ कमी आहे, तेव्हा ठिपक्यांवर थांबू नका, थेट पांढऱ्या पेशींची तपासणी करा.

रिपोर्ट आला की नुसती टक्केवारी बघू नका. टे-सॅक्समध्ये हेक्स-ए जवळजवळ शून्य असतं आणि एकूण हेक्सोसअमिनिडेज मात्र चांगलं असतं, कारण हेक्स-बी हे जोडीचं एन्झाईम शाबूत असतं. हेक्स-ए अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचं बनतं, हेक्स-बी दोन्ही बीटांचं. अल्फाचं जनुक, एचईएक्सए, १५ व्या गुणसूत्रावर आणि बीटाचं, एचईएक्सबी, ५ व्या. बीटा बिघडली तर दोन्ही एन्झाईम जातात, तो सँडहॉफ. तिथे एकूण आकडाच खाली कोसळतो, पण जे थोडं उरतं त्यातलं हेक्स-ए चं प्रमाण चांगलं किंवा जास्तही दिसू शकतं. फक्त टक्केवारी वाचणारा माणूस इथे 'नॉर्मल' म्हणून बसतो. दुसरी खबरदारी: त्याच नमुन्यात दुसरं एखादं एन्झाईम मोजलेलं असतं, ते नॉर्मल आहे ना बघा. सगळीच एन्झाईम खाली असतील तर तो आजार नाही, नमुना खराब झालाय. पुन्हा पाठवा. तिसरी बाब क्वचित लागते, पण सांगून ठेवतो. 'बी-वन' नावाच्या एका प्रकारात नेहमीच्या रसायनावर हेक्स-ए नॉर्मल दिसतं आणि सल्फेट जोडलेल्या खास रसायनावरच उणीव उघडी पडते. लक्षणं तंतोतंत आणि रिपोर्ट नॉर्मल, असं झालं तर लॅबला हे विचारा.

आजार घरात कसा उतरतो हे विदर्भात समजावणं इतर ठिकाणांपेक्षा सोपं जातं, कारण सिकलसेल इथे घराघरांत माहीत आहे. एएस म्हणजे वाहक, त्याला त्रास नाही. एसएस म्हणजे रोगी. दोन एएसचं लग्न झालं तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. इथेही हिशोब तोच आहे. तुमचे भाऊ आणि वहिनी दोघेही वाहक. त्यांच्यात एन्झाईम निम्मं असतं आणि निम्मं भरपूर पुरतं, कारण सर्वसाधारणच्या १० ते १५ टक्के एवढं एन्झाईमही पेशीला चालतं. दर खेपेला २५ टक्के रोगी, ५० टक्के वाहक, २५ टक्के पूर्ण मुक्त. दोन लेकरं आजारी निघाली म्हणजे आता पुढची दोन चांगली, असा हिशोब लागत नाही. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. मुलगा-मुलगी असा भेद नाही. एकट्या आईकडून आजार येत नाही, दोघांकडून बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत यावी लागते. सुनेला दोष देणाऱ्यांना हे रिपोर्ट दाखवून सांगा. तुमच्या घरात बहुधा आजोबा किंवा आजीकडून एकच बिघडलेली प्रत दोन बाजूंनी खाली आली: एक तुमच्या आईकडून, एक मामांकडून. त्यामुळे लेकराच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडण्याची शक्यता जास्त आहे. शोधणाऱ्याचं काम त्याने सोपं होतं. गुजरातमधल्या बऱ्याच टे-सॅक्स रुग्णांत पी.ई४६२व्ही हा एकच बदल सापडला आहे, पण तुमच्याकडे तोच असेल असं धरून चालू नये. पूर्ण जनुक वाचून घ्यावं.

आता वहिनींचं वेळापत्रक. या आठवड्यात लेकराचं रक्त. एन्झाईमचा रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येतो, जनुकाचा तीन-चार आठवड्यांत. जनुकाचा रिपोर्ट वेळेत आला नाही म्हणून थांबू नका. लेकराचं हेक्स-ए शून्य आहे हे पक्कं झालं की गर्भाच्या वारेच्या पेशींतही तेच एन्झाईम मोजता येतं. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा सुईने घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. ही वेळ हुकली तर १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढतात, पण त्यातल्या पेशी वाढवायला आणखी दोन-तीन आठवडे जातात आणि निर्णय २० व्या आठवड्याच्या आसपास येऊन ठेपतो. आईच्या देहाला आणि मनाला ते जड जातं. दोन्हीत गर्भपाताचा धोका अर्धा ते एक टक्का, अनुभवी हातात त्याहून कमी. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शन विसरू नये. सोनोग्राफीत हा आजार दिसत नाही, पाचव्या महिन्यातल्या सविस्तर सोनोग्राफीतही नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, काळजी करू नका' हे वाक्य इथे निरुपयोगी आहे.

ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी करणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते. वहिनींची लेखी संमती फॉर्म जी वर घेतात, आणि बाळ मुलगा की मुलगी हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. बाळ रोगी निघालं तर काय करायचं हा निर्णय त्या दोघांचा आणि शेवटी वहिनींचा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये बाळाला गंभीर दोष असल्यास दोन डॉक्टरांचं, आणि २४ च्या पुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. बाळ ठेवायचं ठरवलं तरी आधी कळल्याने नुकसान काही नाही. चारात तीन वेळा तर उत्तर चांगलंच येतं आणि बाकीचे महिने आई सुखाने झोपते.

आधीच्या मुलीचा काही नमुना कुठे आहे का, असं काही जण विचारतात. जावळाच्या केसांत सहसा उपयोगाचं काही मिळत नाही, मुळं नसतात. तुमच्याकडे दुसरं लेकरू हयात आहे, त्यामुळे त्या शोधात वेळ घालवू नका. जिथे एकही लेकरू उरलेलं नाही तिथे आईवडिलांच्या रक्तातून वाहकपणा शोधतात. ते शक्य आहे, पण नेमकं कोणतं एन्झाईम हे माहीत नसेल तर खर्च वाढतो आणि खात्री कमी होते. गरोदर बाईचा वाहकपणा साध्या सीरमवर तपासू नये. गरोदरपणात सीरममधलं प्रमाण बदलतं आणि वाहक नसलेली बाईही वाहक दिसते. पांढऱ्या पेशींवर किंवा डीएनएवर करावं.

औषध का नाही, तेही समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. शिरेतून दिलेलं एन्झाईम मेंदूत पोचत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ते अडवतो. याच जातीच्या काही आजारांत वाट निघाली आहे. सीएलएन२ या लेकरांच्या मेंदूच्या आजारात २०१७ पासून अमेरिकेत मान्यता असलेलं एन्झाईम दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूतल्या पोकळीत सोडतात. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीत, म्हणजे एआरएसए या एन्झाईमच्या उणिवेत, लेकराच्याच मूळपेशींत जनुक घालून परत देण्याच्या उपचाराला युरोपात २०२० आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण तो लक्षणं सुरू होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीलाच द्यावा लागतो आणि किंमत कोट्यवधींची. टे-सॅक्समध्ये जनुक थेट मेंदूत पोचवण्याचा प्रयोग दोन लेकरांवर केल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालं. तो उपचार अजून प्रयोगच आहे. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम रुग्णालय त्याचं एक केंद्र आहे. पण ती उपचार असलेल्या आजारांसाठी. म्हणून निदान टे-सॅक्सऐवजी दुसरंच निघालं तर या धोरणाची चौकशी पहिल्या दिवशी करा. 'स्टेम सेल देऊन लेकरू चालवतो' अशी जाहिरात करणाऱ्यांकडे शेत गहाण टाकून जाऊ नका. मान्य चाचणीबाहेर असा उपचार करायला आयसीएमआरची (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) परवानगी नाही, आणि चाचणी खरी असेल तर पैसे मागत नाहीत. भगताकडे नेलं तर अंगारा लावू द्या, पण पोटावर चटके आणि बिब्बा नको. लेकराला दुखणं कळतं, सांगता येत नाही.

औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, असं मुळीच नाही. घरात सगळ्यात जास्त लक्ष खाण्यावर द्या. लेकराला आडवं ठेवून कधीही भरवू नका. मांडीवर उभट धरा, मान किंचित पुढे, हनुवटी खाली. निव्वळ पाणी आणि पातळ दूध श्वासनलिकेत लवकर उतरतं. मुगाचं दाटसर वरण, मऊ भात चाळणीतून काढून, ज्वारीची दाटसर आंबील, त्यात चमचाभर तूप किंवा तेल, असं थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा. भरवताना खोकला, डोळ्यांत पाणी, घशात घरघर, किंवा महिन्याभरात दुसऱ्यांदा ताप-कफ, यातलं काही दिसलं तर अन्न फुप्फुसात जातंय असं समजा. त्या वेळी नाकातून नळी टाकून घ्या, उशीर करू नका. नळी टाकणं म्हणजे हार मानणं नव्हे, न्यूमोनिया टाळण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. दर वेळी भरवण्याआधी नळीची नाकाजवळची खूण जागेवर आहे का बघा, सिरिंजने थोडं ओढून पोटातलं पाणी येतं का बघा. खूण सरकलेली असेल किंवा काही येत नसेल तर भरवू नका, उपकेंद्रात दाखवा. भरवल्यावर अर्धा तास डोकं वर ठेवा. शौचाला खडा होतो, त्यासाठी लॅक्टुलोज रोज लागतं.

दचकणं आणि झटका यांत गल्लत होते. दचकणं आवाजानंतर लगेच येतं आणि क्षणात संपतं, त्याला औषध वाढवायची गरज नाही. झटका आपणहून येतो, लयीत हात-पाय उडतात किंवा नजर एका बाजूला अडकते. मोबाईलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा ते फार उपयोगी पडतं. रोजचं औषध लेव्हेटिरासिटाम किंवा दुसरं, ते डॉक्टर वजनावर ठरवतील. वजन वाढलं की मात्रा बदलायची असते, हे नेहमी राहून जातं. घरात मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून घ्या. झटका पाच मिनिटं थांबला नाही तर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे १० किलोच्या लेकराला २ मिलिग्रॅम. ज्या बाटलीत एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असतं तिचे चार फवारे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. बाजारात जास्त जोराच्या बाटल्याही मिळतात, म्हणून फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नको. कुशीवर वळवा. स्प्रेने दहा मिनिटांत थांबलं नाही तर १०८ बोलवा.

उन्हाळा या लेकरांना फार वाईट. त्यांना तहान सांगता येत नाही आणि अंगाचं तापमान राखणारा मेंदूतला भागही बिघडलेला असतो. दुपारी अंग तापलं की आधी ओल्या फडक्याने पुसा, पाणी द्या, मग तापाचं औषध. दिवसभरात पाच-सहा वेळा लघवी झाली पाहिजे, तीही गडद पिवळी नको. दर दोन तासांनी कूस बदला, सांधे रोज हळूच हलवा. कफ साचला तर पायाने चालवायचं सक्शन मशीन गावातही चालतं, वीज लागत नाही. लसी सगळ्या द्या, न्यूमोनियाची तर नक्कीच. पोळ्याला, दिवाळीत, लग्नाच्या डीजेच्या वेळी लेकराला आतल्या खोलीत ठेवा.

कागदपत्रांपैकी आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बहुविकलांगतेचा दाखला मिळाला तर निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो, आणि संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलमध्ये करता येते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (आरबीएसकेने पाठवलेल्या लेकरांच्या उपचार केंद्रात) फिजिओथेरपी आणि भरवण्याचं शिक्षण फुकट मिळतं. आरबीएसकेच्या पथकाची चिठ्ठी घेऊन जा.

राहिला तुमच्या लग्नाचा प्रश्न. तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी, वहिनींच्या बहिणीचीही निम्मी. दोघेही वाहक असण्याची चारात एक, आणि तसं असेल तर दर बाळाला चारात एक. म्हणजे आज काहीच माहीत नसताना पहिल्या बाळाला धोका सोळात एक. हा छोटा नाही. पण तो तपासता येतो. लेकराच्या जनुकातला बदल सापडला की तोच एक बदल तुमच्या दोघांच्या रक्तात शोधायचा, पूर्ण जनुक वाचावं लागत नाही, त्यामुळे खर्चही कमी. दोघांपैकी एकाकडे तो नसेल तर या आजाराची भीती संपली, लग्न निर्धास्त करा. दोघांकडे असेल तर लग्न करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, आणि केलंत तर दर गरोदरपणात अकराव्या आठवड्याची तपासणी आधीपासून धरून ठेवा. अमेरिकेत ज्यू समाजात १९७१ पासून वाहक तपासणी सुरू झाली आणि तिथे या आजाराची बाळं नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाली. लोकांनी लग्नं थांबवली नाहीत, तपासणी करून घेतली. तुमची बहीण, मामांची इतर मुलं, मावशांची मुलं यांनाही हा रिपोर्ट दाखवा. त्यासाठी त्याची प्रत भाऊ-वहिनींच्या परवानगीने काढून ठेवा, आणि जनुकाच्या बदलाचं नाव लॅबच्या कागदावर जसं छापलंय तसंच उतरवा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पुढची लॅब चुकीची जागा शोधेल.